ऑफिसचं कार्पेट कमी पाण्यात खोलवर साफ करायचं असेल तर: ब्रश, एन्कॅप आणि पॅड एकत्र कसे वापरावेत

ऑफिसातल्या कार्पेट टाइल्स साफ करताना खरी अडचण पाण्याची असते. मुंबई-पुण्याच्या बऱ्याच ऑफिसांत या ५० बाय ५० सेंटीमीटरच्या टाइल्स उचलता येणाऱ्या पॅनेलच्या फरशीवर बसवलेल्या असतात. पॅनेलखालून विजेच्या आणि नेटवर्कच्या केबल गेलेल्या असतात. टाइल जागेवर धरणारा गोंदाचा पातळ थर पाण्याने सुटतो आणि कडा वर वळतात. त्यात पावसाळा असला तर विचारूच नका. बाहेरच्या हवेतच ८०-९० टक्के ओलावा असताना गरम पाणी मारून ओढून घेतलं, तर कार्पेट दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतं आणि मजलाभर कुबट वास सुटतो.

म्हणून कमी पाण्याच्या पद्धती वापरतात: एन्कॅप्सुलेशन (थोडक्यात ‘एन्कॅप’), शोषक पॅड आणि ओलसर भुकटी. यातली कुठलीही एकटी वापरली की काही ना काही मागे राहतं. ब्रश घाण सोडवतो, पण उचलत नाही. पॅड उचलतो, पण धाग्याच्या वरच्या भागातलीच. एन्कॅपचं केमिकल घाणीभोवती सुकतं आणि तिला बाहेर काढायचं काम नंतरच्या व्हॅक्यूमवर सोपवतं. भुकटी तळापर्यंत जाते, पण तेलकट थरापुढे तिचं फार चालत नाही. पद्धती जोडताना एकच गोष्ट पाहायची: घाण सोडवणाऱ्या प्रत्येक पायरीच्या मागोमाग ती बाहेर नेणारी पायरी आहे का? ती नसेल तर घाण फक्त जागा बदलते आणि आठवड्याभरात पुन्हा वर दिसू लागते.

हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये धुलाईचं गणित चार घटकांत मांडलं: केमिकल, घासणं, तापमान आणि वेळ. एक कमी केला की बाकीच्यांनी तो भरून काढायचा. आपण इथे पाणी आणि उष्णता जवळजवळ काढूनच टाकतो, तेव्हा घासणं आणि वेळ यांत कंजुषी केलेली चालणार नाही. पुढच्या सगळ्या सूचनांचं मूळ या हिशेबात आहे.

आधी कार्पेट ओळखा

टेबलाखालच्या किंवा स्टोअरमधल्या शिल्लक टाइलचा एक धागा कापा आणि साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात दाबून सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टर. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही, त्यामुळे लवकर वाळतं, पण तेल त्याला घट्ट धरून बसतं. तिथे बूस्टर, म्हणजे द्रावणात मिसळायचं तेल सोडवणारं सॉल्व्हंट, लागणारच. नायलॉन चांगलं साफ होतं, मात्र डागरोधक प्रक्रिया केलेल्या नायलॉनवर वापरायच्या द्रावणाचा पीएच १० च्या खाली ठेवा. फिनाईलच्या जागी आलेली जी ‘क्वाट’ प्रकारची जंतुनाशकं आहेत, ती या कार्पेटवर फवारू नका. त्यांनी डागरोधक थर निकामी होतो. एन्कॅपच्या केमिकलशी त्यांचा संयोग झाला तर चिकट साका उरतो.

लोकरीच्या गालिच्यांना हा लेख लागू नाही. भदोही-मिर्झापूरचे हाताने विणलेले गालिचे तर या मशीनखाली अजिबात घालू नका. रंग फुटतो, झालर गुंडाळली जाते.

धाग्याचा पोतही पाहा. ऑफिसच्या टाइल्समध्ये बहुधा लूप असतो, म्हणजे धागा वर येऊन परत खाली गेलेला. एखादा लूप सुटलेला दिसला तर कात्रीने कापून टाका, ओढू नका. ब्रशमध्ये तो अडकला की अख्खी ओळ उसवत जाते. कट पाइल असेल, म्हणजे टोकं मोकळी असतील, तर गोल फिरणारा पॅड धाग्याचा पीळ उघडतो आणि कार्पेट पिंजल्यासारखं दिसू लागतं. अशा ठिकाणी थरथरणारी ऑर्बिटल मशीन वापरा.

शेवटची तपासणी जुन्या शाम्पूची. वर्दळीच्या पट्ट्यावर फूटभर जागेत नुसत्या कोमट पाण्याने हातब्रश मारा. फेस आला तर आधीच्या कंत्राटदाराचा साबण कार्पेटमध्ये बसून आहे. त्यावर एन्कॅप टाकलं तर दोन्ही मिसळून चिकट होईल. आधी नुसत्या पाण्यात हलकं आम्लधर्मी रिन्स घालून पॅडचे एक-दोन फेरे घ्या. फेस तरीही थांबत नसेल, तर कोरड्या हवेच्या दिवसांत एकदा गरम पाण्याचं एक्स्ट्रॅक्शन (पाणी मारून लगेच ओढून घेणं) करून घ्या आणि मगच या पद्धतीकडे वळा.

केमिकलची ताटलीतली परीक्षा

ही परीक्षा न करता मजल्यावर केमिकल नेऊ नका. लेबलवर सांगितल्याइतकं पातळ केलेलं एन्कॅप द्रावण दोन चमचे काचेच्या बशीत ओता आणि रात्रभर सुकू द्या. सकाळी नाण्याच्या कडेने खरवडा. पापुद्रे किंवा चुरा निघाला तर उत्तम. बोटाला चिकटलं, मेणासारखं दबलं, तर तो कॅन परत करा. एन्कॅपमधलं पॉलिमर घाणीभोवती ठिसूळ स्फटिकासारखं सुकलं, तरच ब्रशने ते मोडतं आणि व्हॅक्यूममध्ये जातं. चिकट राहिलं तर ते बुटांची धूळ धरून ठेवणारा गोंद बनतं.

प्री-स्प्रे, म्हणजे घासण्याआधी मारायचा फवारा, वेगळा वापरणार असाल तर दुसऱ्या बशीत प्री-स्प्रे आणि एन्कॅप निम्मं-निम्मं मिसळून हीच परीक्षा घ्या. पद्धती जोडताना बहुतेक घोटाळे इथेच होतात. एन्कॅप चांगलं असतं, प्री-स्प्रेही चांगला असतो, पण प्री-स्प्रेमधला साबण पॉलिमरला ठिसूळ होऊ देत नाही. तिसऱ्या बशीत बूस्टर घातलेलं द्रावण ठेवा. सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे एकच एन्कॅप द्रावण दोन ताकदींत वापरायचं: वर्दळीच्या पट्ट्यांवर घट्ट, बाकी ठिकाणी पातळ.

पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर जड असतं. त्यातले क्षार केमिकलची ताकद खातात आणि स्वतःही कार्पेटवर उरतात. एका मजल्याला लागणारं पाणी थोडंच असतं, तेवढं आरओचं घ्या. कोमट, साधारण ४० अंश, पुरे.

दोन हजार चौरस फुटांना काय लागतं

फवारणीसाठी १०० चौरस फुटांना साधारण १ ते १.२ लिटर द्रावण धरा. म्हणजे २,००० चौरस फुटांना २० ते २४ लिटर. केमिकल १:३२ सांगितलं असेल तर २४ लिटर द्रावणात सुमारे ७३० मिलिलिटर केमिकल आणि बाकी पाणी. मापाच्या भांड्याने मोजा. ‘थोडं जास्त घालू, जास्त साफ होईल’ हा समज इथे महागात पडतो, कारण जादा केमिकल कार्पेटमध्येच राहतं.

फवारणीला शेतीच्या दुकानात मिळणारा १६ लिटरचा बॅटरीचा पाठपंप उत्तम चालतो. तो नवा कोरा घ्या, औषध मारलेला कधीच नको. त्याचा शंकूसारखा फवारा देणारा नोझल काढून सपाट पंख्यासारखा फवारा देणारा लावा, म्हणजे पट्टे पडत नाहीत. काम संपताच पंपातून साधं पाणी चालवा. पॉलिमर नोझलमध्ये सुकलं तर पुढच्या वेळी फवारा एका बाजूला फेकतो.

मशीन दोन लागतात. एक, उलट दिशांनी फिरणारे दोन आडवे दंडगोल ब्रश असलेली. दुसरी, १७ इंची सिंगल डिस्क, १५० ते १७५ आरपीएमची. पॉलिशिंगची जास्त वेगाची मशीन नको, घर्षणाच्या उष्णतेने पॉलिप्रॉपिलीनचं टोक वितळून चकाकणारा वळ उमटतो आणि तो जात नाही. मायक्रोफायबर किंवा सुती पॅड ८ ते १० ठेवा. एक बाजू १५० ते २०० चौरस फूट चालते, मग उलटायचा, मग बदलायचा.

व्हॅक्यूमबद्दल हाउसकीपिंगमध्ये मोठा गैरसमज आहे. नुसत्या ओढीवर चालणारा ड्रमसारखा व्हॅक्यूम फरशीला ठीक असतो. कार्पेटला खाली फिरता ब्रश असलेलाच हवा. कंत्राटाच्या यादीत तो नसेल तर भाड्याने आणा, पण त्याच्याशिवाय काम सुरू करू नका.

कोरडं काम

कार्पेटमधली बहुतेक घाण कोरडीच असते: वाळू, कागदाची धूळ, कपड्यांचे तंतू, त्वचेचे कण. कोकणात, गोव्यात त्यात जांभ्याची लाल माती असते. ती पाण्यात विरघळत नाही, केमिकललाही दाद देत नाही. ओली केली की चिखल होऊन तळाशी बसते. म्हणून रात्रभराच्या कामातला एक तृतीयांश वेळ या कोरड्या भागाला दिला तरी तो वाया जात नाही.

लिफ्टसमोर, पॅन्ट्रीच्या दाराशी, प्रिंटरजवळ आणि मधल्या वाटेवर ४ ते ६ वेळा, दोन्ही दिशांनी व्हॅक्यूम फिरवा. बाकी ठिकाणी दोनदा. ढकलताना चालेल त्या वेगाने, ओढताना मुद्दाम सावकाश. बॅग दोन तृतीयांश भरली की बदला, नाहीतर ओढ कमी होते आणि आवाज मात्र तसाच राहतो.

आता दोन ब्रशांची मशीन कोरडीच फिरवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. चपटा झालेला धागा उभा राहतो, तळाची माती वर येते आणि मशीनच्या ट्रेमध्ये केस, स्टेपलरच्या पिना, दोरे जमतात. ट्रे रिकामे करून पट्ट्यांवर लगेच पुन्हा व्हॅक्यूम. नुकतंच व्हॅक्यूम केलेल्या जागेतून या फेरीत निघालेली माती एकदा पाहा, मग ही पायरी कुणी गाळणार नाही.

डाग आधी, फवारणी नंतर

आपल्याकडचा नेहमीचा डाग दुधाच्या चहाचा. त्यात स्निग्धांश, प्रथिनं आणि टॅनिन अशा तीन गोष्टी असतात. आधी पातळ एन्कॅप द्रावणाने ओलवून पांढऱ्या फडक्याने टिपा, मग टॅनिनसाठी आम्लधर्मी डागनाशक. तरी पिवळट छटा उरली तर लपलेल्या कोपऱ्यात तपासून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. घासायचं नाही, टिपायचं, आणि बाहेरून आत.

हळदीचं वेगळं आहे. खंडेनवमीच्या किंवा दिवाळीच्या पूजेत ऑफिसात हळदीकुंकू सांडतंच. हळदीतलं करक्युमिन अल्कधर्मी द्रावण लागताच लाल-तपकिरी होतं. नेहमीचा प्री-स्प्रे मारला की पिवळा ठिपका विटकरी होऊन पसरलेला दिसतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. हळद आधी कोरडी ओढून घ्या, मग पाण्यात पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर लावून टिपा, मग तपासून पेरॉक्साइड. उरलेली छटा उजेडाने फिकी होत जाते. कुंकू आणि गुलाल यांना कोरडे असेपर्यंत पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. व्हॅक्यूमची नळी वरून धरून जेवढं निघेल तेवढं काढा. प्रिंटरचा टोनरही तसाच: बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमने काढा, गरम पाणी कधीच नाही. उष्णतेने तो धाग्यावर चिकटतो, प्रिंटरमध्ये कागदावर चिकटतो तसाच.

च्युइंगम बर्फाने कडक करून तोडा.

ओलं काम, २०० चौरस फुटांच्या तुकड्यांत

फरशीतल्या विजेच्या पॉइंटची झाकणं टेपने बंद करा. मजला मनातल्या मनात २०० चौरस फुटांच्या तुकड्यांत वाटा आणि दारापासून सर्वांत लांबच्या तुकड्यापासून सुरुवात करा. सगळा मजला एकदम फवारू नका. शेवटच्या भागापर्यंत पोहोचेतो पहिला सुकलेला असतो आणि सुकलेल्या द्रावणावर ब्रश फिरवून काही निघत नाही.

एका तुकड्यावर त्याच्या वाट्याच्या द्रावणातलं साधारण तीन चतुर्थांश फवारा आणि बाकीचं हाताशी ठेवा. पट्ट्यांवर घट्ट द्रावण, तेलकट असेल तर त्यात लिंबूवर्गीय सॉल्व्हंटचा बूस्टर, लेबलवरच्या मात्रेपेक्षा थेंबभरही जास्त नाही. ८ ते १० मिनिटं थांबा. उन्हाळ्यात एसीचा झोत थेट पडत असेल तर ५ मिनिटांतच सुकू लागतं, तेव्हा हलका फवारा पुन्हा द्या. तळवा टेकवला तर ओलसर लागावं, पाणी वर येऊ नये.

मग दोन ब्रशांची मशीन: आधी लांबीने, मग आडवी. सावकाश, मिनिटाला साधारण १५-२० फूट. ट्रेमध्ये आता राखाडी लगदा जमेल. ट्रे भरून ओसंडायच्या आत पुसा, नाहीतर तोच लगदा पुढच्या तुकड्यावर पडतो.

ब्रश थांबल्यापासून ५ मिनिटांच्या आत पॅड. सगळी जोडणी इथे साधते, म्हणून घाई असली तरी ही वेळ चुकवू नका. ब्रशने सोडवलेली घाण या क्षणी धाग्याच्या वरच्या भागात, द्रावणात तरंगत असते. ओलावा खाली उतरण्याआधी पॅडने ती टिपून घेतली तर ती खरोखर कार्पेटबाहेर गेली. पॅड राहिलेल्या द्रावणात बुडवून घट्ट पिळा. कोरडा पॅड लूपला ओढतो, मशीन उड्या मारते आणि घर्षणाचे वळ उमटतात. मशीनचं हँडल किंचित वर-खाली करत डावीकडून उजवीकडे, प्रत्येक पट्टा निम्मा झाकत जा. पॅड काळा होऊन त्याची ओढ संपली की तो घाण उचलायचं सोडून पसरवू लागतो. पॅड वाचवायला जाऊ नका.

पट्ट्यांवर दुसरा स्वच्छ पॅड, यावेळी फवारा न देता. हा कोरडेपणाकडे झुकलेला फेरा जादा ओलावा आणि उरलेलं केमिकल दोन्ही काढतो. डाग पुन्हा वर येण्याचं प्रमाण याच फेऱ्याने सर्वांत कमी होतं.

शेवटी कार्पेट ब्रशने धागा एका दिशेला विंचरून ठेवा. गोल वळांच्या खुणा ओल्या असतानाच जातात.

वाळवणं

एसी चालू असलेल्या मजल्यावर १ ते २ तास पुरतात, पावसाळ्यात एसी असूनही ३-४ तास धरा. बऱ्याच इमारतींत रात्री आणि रविवारी मध्यवर्ती एसी बंद असतो, म्हणून बिल्डिंगच्या मॅनेजमेंटकडून ती परवानगी आधीच लेखी घ्या. पावसात खिडक्या उघडू नका, बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. पंखे छताकडे न वळवता फरशीला घासून वारा जाईल असे ठेवा.

पूर्ण वाळल्यावर त्याच दिवशी फिरत्या ब्रशचा व्हॅक्यूम करा. स्फटिकांचा पहिला हप्ता तेव्हा निघतो. बाकीचे पुढच्या आठवड्याभरच्या रोजच्या व्हॅक्यूममध्ये निघत राहतात. तो व्हॅक्यूम झाला नाही तर तुम्ही पैसे देऊन घाण फक्त बांधून ठेवलीत. कंत्राटात हे आठ दिवसांचं व्हॅक्यूम स्वतंत्र ओळीत लिहून घ्या.

भुकटी कुठे बसते

सर्व्हर रूम, केबलच्या पॅनेलजवळचा भाग, कडा आधीच वळलेल्या टाइल्स अशा ठिकाणी नेहमीची पूर्ण फवारणी टाळायची असेल तर ओलसर शोषक भुकटी घ्या. नेहमीच्या निम्मंच द्रावण हलकं फवारा, १० मिनिटं थांबा, लेबलवरच्या मात्रेत भुकटी पसरा आणि दोन ब्रशांच्या मशीनने दोन्ही दिशांनी मुरवा. फवारा तेल सैल करतो, भुकटी ते शोषते. इथे पॅडची गरज नाही, तो भुकटी नुसती चिकटवत बसतो. भुकटी हाताला कोरडी लागेपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास, व्हॅक्यूम लावू नका. ओली भुकटी बॅगेत आणि नळीत गोळा होऊन बसते. उंच, दाट कट पाइलमध्ये ती तळाला अडकून राहते, तिथे ही वाट नको.

बिघडतं कुठे

दोन-तीन दिवसांत तोच डाग परत दिसला, तर तळाचा ओलावा वाळताना घाण वर घेऊन आला आहे. पाणी धाग्याच्या टोकाशी उडून जातं आणि सोबत आणलेलं तिथेच टाकतं. त्या जागी अगदी हलका फवारा, ओलसर पॅड, मग पांढरा कोरडा टॉवेल टाकून वर वजन ठेवा. पुन्हा मोठी धुलाई केलीत तर तळ आणखी भिजेल.

पट्टे आठवड्यात काळे पडत असतील तर कारण बहुधा चिकट अवशेष. बशीची परीक्षा नव्या कॅनवर पुन्हा घ्या. कडा वळल्या असतील तर फवारा जास्त झाला. त्या टाइल्स उचलून गोंद वाळू द्या आणि मागच्या बाणाची दिशा पाहून परत बसवा. फेस अनावर झाला तर जुना शाम्पू.

निकाल डोळ्यांवर सोडू नका. वाळल्यावर ओलसर पांढरं सुती फडकं पट्ट्यावर १० वेळा सारख्या दाबाने घासा आणि टेबलाखालच्या जागेवरही तसंच करा. दोन्ही फडकी शेजारी ठेवली की काम किती झालं ते कळतं. पट्टा अजून काळा असेल तर केमिकल वाढवू नका. भिजण्याच्या वेळात आणि ब्रशच्या आडव्या फेरीत भर घाला.

साध्या वर्दळीच्या मजल्याला ही पूर्ण फेरी ६ महिन्यांनी, पट्ट्यांना दर २-३ महिन्यांनी. कोरड्या हवेच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, वर्षा-दीड वर्षाने एकदा गरम पाण्याचं एक्स्ट्रॅक्शन करून साचलेलं सगळं धुऊन काढा. पॅड प्रत्येक कामानंतर गरम पाण्यात धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका. सॉफ्टनरचा थर बसला की पॅड पाणी पिईनासा होतो.